श्यामच्या आईचा चेहरा

‘श्यामची आई’ म्हटलं की वनमालाबाई डोळ्यांपुढे येतात. पुस्तक आधी वाचलेल्यांचंही तसंच होतं. साने गुरुजींनी आईच्या रूपाबद्दल फारसं लिहिलेलं नाही. तिचे कष्ट, तिची बोलणी, तिचं आजारपण हे सगळं पानोपानी आहे, पण नाकडोळे कसे होते ते वाचकाने आपल्या मनाने ठरवायचं. १९५३ साली आचार्य अत्र्यांच्या सिनेमाने ते ठरवून टाकलं, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली बाई कोकणातली नव्हती. ती आमच्या माळव्यातली, उज्जैनची.

मूळ बाई यशोदा साने. दापोली तालुक्यातलं पालगड हे त्यांचं गाव. त्या सून म्हणून आल्या त्या खोताच्या घरी, बऱ्या दिवसांत. पुढे वाटण्या झाल्या, कर्ज चढत गेलं, आणि १९१७ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात दारिद्र्य होतं. मुलगा शिक्षणासाठी दूर होता, शेवटची भेट झालीच नाही. ती सल घेऊन पांडुरंग सदाशिव साने यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे हातावेगळं केलं. पुस्तकात ४२ रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणजे पडद्यावर येण्याआधीच यशोदाबाईंचं एक रूपांतर झालं होतं. सोळा वर्षं आतल्या आत जपलेल्या दुःखातून ती बाई कागदावर उतरली. म्हणून सिनेमा मुळाशी कितपत प्रामाणिक हे विचारताना कोणत्या मुळाशी, हेही विचारावं लागतं. पालगडच्या यशोदाबाई आता कोणालाच गाठता येणार नाहीत. हाती आहे ती श्यामने सांगितलेली आई.

आणि ही आई आपण समजतो तितकी मऊ नाही. पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपलेल्या श्यामला ती ओढून काढते, शिंपटीने मारते, आणि मुलगा विहिरीवरून परत आल्यावर त्याच्या पाठीवरचे वळ बघून रडते. माहेरच्या घरात आश्रितासारखं राहणं तिला सोसवत नाही. झोपडी चालेल पण स्वतःची हवी, असं ती नवऱ्याला ठणकावते. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन वेडंवाकडं बोलतो तेव्हा ती बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालता हो म्हणते. मोळीच्या ओझ्याने वाकलेल्या महार म्हातारीला हात लावायला मुलाला पाठवते, त्या काळात, त्या गावात. तिच्या प्रेमाला कणा आहे.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना कोकण ठाऊक नव्हतं. आमच्या भोवती मालवा मिल, गिरणीचा भोंगा, पाळीवरून सुटलेली माणसं, आणि घराबाहेर पडलं की हिंदी. नारळीची बाग, ओटी, पडवी, पाणंद हे शब्द पुस्तकात वाचायचे आणि पुढे जायचं. ती माती कशी दिसते हे आम्हाला पडद्याने दाखवलं. त्यामुळे सिनेमाने पुस्तकाचं नुकसान केलं, असं मला सरसकट म्हणवत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या कित्येक मराठी घरांना त्याने पुस्तकाची वाट मोकळी करून दिली.

वनमालाबाईंचं मूळ नाव सुशीला पवार, जन्म १९१५ चा. ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या पवार सरदारांची ती मुलगी. पदवीधर झाली, पुण्यात शिक्षिका होती, आणि १९४० मध्ये ‘लपंडाव’मधून पडद्यावर आली. दुसऱ्याच वर्षी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये ती पृथ्वीराज कपूरची नायिका होती. एवढी देखणी, सरंजामी घरातली नटी जुनेर नेसून चुलीपुढे बसणार, ही निवड कागदावर चुकीचीच वाटावी. मला ती अत्र्यांची सगळ्यात अचूक निवड वाटते. श्यामची आई जन्माची दरिद्री नाही. ती खोताच्या घरची सून आहे, वैभव बघितलेली, आणि दिवस फिरल्यावरही मान न झुकवलेली. वनमालाबाईंना तो ताठा अभिनयातून आणावाच लागत नाही, चालण्याबोलण्यात तो मुळातच आहे. केवळ गरीब दिसणारी बाई घेतली असती तर प्रेक्षकांना दया आली असती. आदर वाटला नसता.

साने गुरुजी हे बघायला उरले नव्हते. ते ११ जून १९५० ला गेले. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं.

अत्र्यांनी भर घातली ती त्यांच्या स्वभावाची. ‘छडी लागे छमछम’ची शाळा ही अत्र्यांची, गुरुजींची नव्हे. त्याचा मला राग नाही. हरवलं ते दुसरंच. पुस्तकातली प्रत्येक रात्र मोठ्या झालेल्या, आई गमावलेल्या श्यामच्या पश्चात्तापातून येते. सिनेमा बघितलेल्याच्या मनात उरतो तो माधव वझ्यांचा लहानगा, गोंडस श्याम. सांगणारा दिसेनासा झाला की आई हळूहळू नुसती सोशिक होत जाते. यात अत्र्यांपेक्षा आपला दोष मोठा आहे. शिंपटीचा प्रसंग त्यांनी गाळला नव्हता. आपण रडलो आणि शिंपटी विसरलो. पुढे ‘श्यामची आई’ हे सोसत राहणाऱ्या कोणत्याही आईला चिकटवायचं विशेषण झालं, तेव्हा वसुलीवाल्याला हुसकावणारी ती बाई त्यातून पार पुसली गेली.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा कृष्णधवल रंगातच ‘श्यामची आई’ केला. त्यात ओम भूतकर यांचे साने गुरुजी आहेत, तुरुंग आहे, स्वातंत्र्याची चळवळ आहे. आई झाल्या आहेत गौरी देशपांडे. सांगणाऱ्याला त्याची जागा परत दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणाची आठवण आहे हे कळल्याशिवाय ही आई कळत नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तरी चेहरा वनमालाबाईंचाच राहिला आहे. सत्तर वर्षांची सवय एका सिनेमाने सुटत नाही, आणि ती सुटावी असा माझा आग्रहही नाही.

पुढे कोणी हे पुस्तक पुन्हा पडद्यावर आणलं तर मी आधी वसुलीचा प्रसंग बघेन. आई बाहेर येऊन त्या माणसाशी बोलते तेव्हा तिचा आवाज चढतो की रडवेला होतो, एवढंच मला बघायचं आहे.