मल्टिपल स्क्लेरोसिस : उपचारांच्या फलानुमानाचा इतिहास

मेंदू, मेरुरज्जू व दृक् तंत्रिका यांतील तंतूंवरील मायेलीन आवरणाचा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिरक्षा यंत्रणेकडून नाश होऊन जागोजागी काठिण्य निर्माण होणाऱ्या दीर्घकालिक विकारास ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ म्हणतात. तो बहुधा तरुण वयात सुरू होतो व पुष्कळ रुग्णांत त्याचे आवेग येऊन ओसरतात. निष्फळ उपचारांच्या काळात झालेली तंतुहानी सहसा भरून येत नाही. म्हणून कोणत्या रुग्णास कोणते औषध लागू पडेल, याचे फलानुमान महत्त्वाचे ठरते.

पॅरिस येथील झां मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले. उपचारांचे फळ मोजण्यासाठी मात्र मापनश्रेणी आवश्यक होती. अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक जॉन कुर्ट्‌झ्की यांनी अशी अपंगत्वश्रेणी १९५५ मध्ये मांडली व १९८३ मध्ये तिचा विस्तार केला. १९९३ मध्ये अमेरिकेत बीटा इंटरफेरॉनास मान्यता मिळाली. परंतु काही रुग्णांत त्याचा उपयोग होत नाही, असे आढळले. बार्सेलोना येथील जॉर्दी रिओ व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये पहिल्या वर्षातील आवेग, अपंगत्वातील वाढ आणि एम्‌आर्‌आय चित्रणातील नवे सक्रिय विक्षत यांवरून पुढील धोका वर्तविणारे गुणांकन प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये मारिया पिया सोर्मानी व इतरांनी ते सुलभ केले. हे अनुमान औषध सुरू केल्यावरच करता येते, ही त्याची मर्यादा होय.

भारतात हा विकार दीर्घकाळ विरळा मानला जाई. मुंबईचे तंत्रिकावैज्ञानिक नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांनी भाटिया यांच्यासमवेत १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या पारशी समाजात त्याचे प्रमाण दर लाखामागे सु. २६ आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली.

भारतासह आशियात दृक् तंत्रिका व मेरुरज्जू यांपुरता मर्यादित दिसणारा प्रकार याच विकारात गणला जाई. २००४ मध्ये व्हँडा लेनन व इतरांनी एका विशिष्ट प्रतिपिंडाचा शोध लावल्यावर त्यांतील अनेक रुग्णांचा विकार वेगळा (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) असल्याचे सिद्ध झाले. या विकारात बीटा इंटरफेरॉनाने प्रकृती बिघडू शकते. म्हणजेच फलानुमानाची पहिली पायरी अचूक निदान हीच होय.

मुंबईपासून दूर असलेल्या खानदेशाच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. जळगाव वा धुळे येथील रुग्णास युरोपीय रुग्णांवरून बेतलेले निकष लावण्यापूर्वी प्रतिपिंड-तपासणी होणे, तसेच प्रत्येक आवेगाची तारीख, लक्षणे व चित्रणे यांची नोंद जपणे अगत्याचे ठरते. पहिल्या वर्षाची नोंदच नसेल, तर कोणतेही गुणांकन निरुपयोगी होते. औषध बदलावे की चालू ठेवावे, हा निर्णय मग अंदाजावर सोडावा लागतो आणि त्या अंदाजाची किंमत रुग्णाच्या दृष्टीने व चालण्याच्या शक्तीने चुकवावी लागते.