खाकी चड्डी आणि तीन प्रतिज्ञा

आमच्या माजघरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जमिनीचे उतारे, आजीची नथ आणि सगळ्यात तळाला एक विटका गळपट्टा. आबा त्याला ‘स्काऊटचा रुमाल’ म्हणत. आम्ही पोरं हात लावायला गेलो की ओरडत, “ठेव तो खाली. त्यावर राजाची शपथ हाय.”

शपथ खरीच होती. आबा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत होते, साल 1937. बोर्डिंगात राहायचे, शनिवारी चालत गावी यायचे. शाळेत बालवीर पथक निघालं आणि आबांनी तीन बोटं वर करून ईश्वर आणि राजा यांच्याशी इमान राखण्याची प्रतिज्ञा घेतली. गाठी मारणं, पाण्यातून माणूस ओढून काढणं, आगीत नाकाला ओलं फडकं बांधून जमिनीलगत सरपटणं, रोज एक तरी सत्कृत्य करणं. खेड्यातल्या पोराला यातलं निम्मं येतच असतं म्हणा. पण शिट्टीवर आणि ओळीत करायचं हे नवं होतं.

ही चळवळ काढली बेडन-पॉवेल या लष्करी साहेबानं. बोअर युद्धात मॅफेकिंगला 217 दिवस वेढ्यात टिकून राहिलेला माणूस. 1907 साली त्यानं ब्राऊनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. दोनच वर्षांत ती हिंदुस्थानात आली, पण आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी. आपल्या पोरांना तिथं जागा नव्हती. तेव्हा ॲनी बेझंटबाईंनी मद्रासेत हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली आणि अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. म्हणजे पक्षाबाहेरची म्हणवणारी ही चळवळ इथं पाऊल टाकल्यापासूनच राजकारणात होती. राजाच्या नावानं शपथ घ्यायला लावायची आणि वर राजकारण करू नका म्हणायचं, हे आमच्या नानांना कधी पटलं नाही. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ.

आबांनी शपथ घेतली त्याच साली बेडन-पॉवेल दिल्लीच्या मेळाव्याला आले आणि हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल त्यांचे अनुदार उद्गार गाजले. चिडून पुष्कळांनी पथकं सोडली, 1938 साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. आबांनी रुमाल ट्रंकेत टाकला तो तेव्हाच. फेकला मात्र नाही.

नाना निराळ्या वाटेनं गेले. 1941 च्या जूनमध्ये पुण्यात एस. एम. जोशींच्या पुढाकारानं राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं आणि वर्षा-दोन वर्षांत आमच्या तालमीपुढच्या पटांगणात त्याची शाखा लागली. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला संघाची शाखा आधीपासून होती. वाड्यातला एक मुलगा ती चालवायचा, नानांच्याच वर्गातला. दोन्हीकडं खाकी चड्ड्या, दोन्हीकडं शिट्ट्या, दोन्हीकडं कबड्डी. फरक गाण्यात, झेंड्यात आणि प्रतिज्ञेत. आजी म्हणायची, “एकाच कापडाच्या चड्ड्या, मग भांडता कशापायी?” आजीला वाटे तेवढं ते सोपं नव्हतं. सेवा दलात महारवाड्यातली पोरं एका ओळीत बसून जेवली, त्यावरून गावात आठ दिवस धुसफूस होती. साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केलं, तेव्हा नाना घरी न सांगता तिकडं गेले होते.

30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. पुढच्या दोन-तीन दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ब्राह्मणांची घरं जळाली. आमच्या गावचा वाडाही पेटला. जमाव बाहेरगावचा होता असं नंतर सगळेच सांगू लागले. सगळा नव्हता. आबा घोंगडं भिजवून मागच्या दारानं आत शिरले, सरपटत गेले आणि त्या मुलाच्या आजीला घेऊन बाहेर आले. नानांनी दार धरून ठेवलं होतं. पटांगणात कवायत केलेली पुष्कळ पोरं लांब उभी राहून बघत होती. वाड्यातली माणसं महिन्याभरात पुण्याला गेली ती परतली नाहीत. संघावर बंदी आली. समाजवादी त्याच वर्षी काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि सेवा दलाची पोरं नक्की कुणाची, यावर गावातल्या पुढाऱ्यांत ओढाताण सुरू झाली. पटांगण काही काळ मोकळंच राहिलं.

मी शाळेत गेलो तोवर सगळं बदललेलं. 7 नोव्हेंबर 1950 ला दोन्ही स्काऊट संघटना एक होऊन भारत स्काऊट झाली होती. शपथेतला राजा जाऊन देश आला होता. आमच्या हायस्कुलातले स्काऊटमास्तर मोठे शिस्तीचे. गणवेशात पक्षाचं काम करायचं नाही, हा नियम ते पहिल्याच दिवशी सांगत.

1967 ची निवडणूक आली. गावात मोठ्या पुढाऱ्याची सभा ठरली. निरोप आला : स्काऊटची पोरं दोर धरून उभी करा, पाहुण्यांना सलामी द्या. मास्तर म्हणाले, “यात्रेत गर्दी आवरायला देतो, पुरात देतो. सभेला न्हाई. बघायचं त्यांनी घरचे कपडे घालून यावं.” आम्ही घरचे कपडे घालून गेलो आणि मागं उभं राहून शेंगा खाल्ल्या.

जूनमध्ये मास्तरांची बदली झाली. विरोधी पक्षवाले हार घेऊन त्यांच्या खोलीवर आले, तर त्यांनाही त्यांनी दारातूनच परत लावलं. “तुमच्यासाठी केलं न्हाई बाबांनो,” म्हणाले. पुढं पथक बंदच पडलं.

मास्तरांविरुद्ध संस्थेकडं जो अर्ज गेला, त्यावर आबांची सही होती. आबा तेव्हा ग्रामपंचायतीत होते, सत्तेतल्या पक्षाचे. हे मला नानांकडून कळलं, दहा वर्षांनी, तेही भाऊबंदकीच्या भांडणात. मी आबांना विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

“सही केली खरी,” म्हणाले. “विहिरीचं कर्ज अडकलं होतं.”

मग म्हणाले, मास्तरचा पत्ता हाय का तुझ्याकडं? नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली आणि तो रुमाल माझ्या हाती दिला. मी तो धुतला नाही. त्याची गाठ अजून तशीच आहे, आबांनी मारलेली.