'पट्टी' आणि नाद : मूक पियानोच्या निमित्ताने

1993 साली जपानच्या यामाहा कंपनीने 'सायलेंट पियानो' बाजारात आणला. हे वाद्य म्हणजे पियानोची विजेवर चालणारी नक्कल नव्हे. त्यात खऱ्या तारा व खऱ्या हातोड्या असतात. वादकाने इच्छिल्यास एक आडवी दांडी मध्ये येते आणि हातोडी तारेला भिडण्यापूर्वीच अडते. पट्टी किती वेगाने दाबली गेली हे संवेदक टिपतात व त्या मानाने लहान-मोठा नाद केवळ वादकाच्या हेडफोनमध्ये उमटतो.

या शोधामागील निकड सामाजिक होती. तारांपुढे नमद्याचा पडदा आणून आवाज दबका करण्याची सोय उभ्या पियानोत पूर्वीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हर्जिल यांनी सरावासाठी बिनतारांचे वाद्यही काढले होते. परंतु जपानच्या दाट वस्तीत शेजाऱ्याचा पियानो हा शांततेचा प्रश्न झाला. 1974 मध्ये हिरात्सुका येथे पियानोच्या आवाजावरून एका कुटुंबातील तिघींची हत्या झाली, यावरून त्या प्रश्नाची तीव्रता ध्यानी यावी.

मराठी समाजाच्या दृष्टीने या घटनेचा विचार पियानोपेक्षा पेटीच्या अनुषंगाने करणे उचित होय. कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख बहुजनांस झाली ती पेटीमुळे. पॅरिसच्या दबँ यांनी 1842 मध्ये ज्याचे एकस्व घेतले, ते हार्मोनिअम पुढे आपल्या संगीत रंगभूमीवर रुळले. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्यासारख्या वादकांनी त्यास प्रतिष्ठा दिली. भजनाच्या द्वारे ते मुंबई-पुण्यापासून बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या गावांपर्यंतच्या समाजात 'पेटी' या घरगुती नावाने परिचित झाले.

पेटी मुकी करण्यास यंत्राची गरज नाही. भाता थांबला की पट्टी दाबूनही नाद निघत नाही. पियानोत नादाचे बळ बोटाच्या आघातावर अवलंबून असते, पेटीत ते भात्यावर असते. म्हणून संवेदकांचा खटाटोप पियानोलाच करावा लागला. पेटी मुकी झाली ती निराळ्या कारणाने. तिचे ठरीव बारा स्वर श्रुतींना व मींडेला न्याय देऊ शकत नाहीत, हा आक्षेप बळावला आणि 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने तिला मज्जाव केला. ही बंदी सुमारे तीन दशकांनी अंशतः शिथिल झाली.

येथे भाषेची साक्ष महत्त्वाची ठरते. 'पट्टी' म्हणजे मूळ अर्थाने चिंचोळा तुकडा. पुढे तो शब्द वाद्याच्या दाबावयाच्या भागास लागला आणि स्वराच्या उंचीचाही वाचक झाला. गायक आपला षड्ज 'काळी एक' किंवा 'काळी चार' असा सांगतो, तेव्हा समोर केवळ तंबोरा असला तरी चालते. तंबोऱ्यास ना काळी पट्टी असते, ना पांढरी. ज्याने पेटीस कधी हातही लावला नाही, असा मनुष्यही 'वरच्या पट्टीत' बोलतो. विशेष हे की, या प्रयोगात आवाजाचा मोठेपणाही अभिप्रेत असतो, जो पेटीच्या पट्टीवर मुळीच अवलंबून नसतो.

तात्पर्य, पट्टी व नाद यांची जी फारकत यामाहाने यंत्रात घडविली, ती मराठीने आपल्या शब्दार्थात आधीच केली होती. रेडिओच्या फर्मानाने पेटीचा नाद बंद झाला. तिची परिभाषा मात्र गायकांच्या व्यवहारात टिकून राहिली. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्या परंपरेनेच आपला षड्ज तिच्या मापाने मोजला. वाद्याचा इतिहास केवळ ध्वनिमुद्रिका व सरकारी आदेश यांवरून लिहिल्यास हा विरोध दृष्टीआड होईल. अभ्यासकाने रूढ शब्दप्रयोगांसही ऐतिहासिक साधनाचा मान दिला पाहिजे, तो याकरिताच.