सालई : शोथरोधी व प्रतिऑक्सिडीकारक गुणांची तपासणी

सालई (सं. शल्लकी, शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा, कुल बर्सेरेसी) हा सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर वाढणारा पानझडी वृक्ष. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना उभारताना वृत्तपत्री कागदासाठी बांबूबरोबर याच झाडाचे लाकूड धरले होते. औषधात मात्र खोडातून पाझरणारा सुगंधी, राळयुक्त डिंक वापरतात. आयुर्वेदात तो कुंदुरू, युनानीत कुंदुर. बुऱ्हाणपुरात युनानी वैद्यकाचे शिक्षण आजही चालते. सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज याच शहरात आहे. सांधेदुखी व सूज यांवर हा डिंक पूर्वापार दिला जातो. ही ख्याती प्रयोगशाळेत कितपत टिकते, हा येथील विषय.

तपासणीचा पाया नमुन्यात आहे. खोडाची साल तासली की सोनेरी, चिकट डिंक ओघळतो. तो बांबूच्या टोपलीत ठेवून पातळ रस निथळू देतात आणि उरलेला भाग वाळला की खडे निवडतात. बाजारातून आणलेल्या खड्यांत दुसऱ्या झाडाची राळ मिसळलेली असू शकते. म्हणून झाडाची वनस्पतिशास्त्रीय ओळख पटवून नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवावा लागतो. एवढे केले नसेल, तर पुढचे आकडे कितीही नेटके असोत, ते कशाचे आहेत हेच सांगता येत नाही.

सूज मोजण्याची रूढ पद्धत सी. ए. विंटर व सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मांडली. नीतिसमितीच्या मंजुरीनंतर उंदरांना अर्क देतात व साधारण तासाभराने मागच्या पंजात 1 टक्का कॅराजीननचे 0.1 मिली द्रावण टोचतात. पंजाचे वाढलेले आकारमान काही तास मोजून, औषध न दिलेल्या आणि इंडोमेथॅसिनसारखे प्रमाण औषध दिलेल्या गटांशी त्याची तुलना करतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनी 1986 मध्ये सालईच्या डिंकाचा अर्क अशी सूज कमी करतो असे दाखवले. त्याचे कारण पुढे जर्मनीत एच. सफायही, एच. पी. टी. आमोन व सहकाऱ्यांच्या कामातून (1992) उलगडले : डिंकातील बॉस्वेलिक आम्ले 5-लिपॉक्सिजनेज या विकराला अडवतात, त्यामुळे दाह वाढवणारी ल्युकोट्राईने कमी बनतात. नेहमीच्या वेदनाशामकांचा मारा वेगळ्या विकरावर, सायक्लोऑक्सिजनेजवर असतो. कॅराजीननची उशिराची सूज मुख्यतः त्याच मार्गाने येते. तेव्हा केवळ या चाचणीवर सालईचे मोल ठरवणे अपुरे आहे.

प्रतिऑक्सिडीकारक गुणासाठी बहुधा डीपीपीएच चाचणी (एम. एस. ब्लॉईस, 1958) करतात. अर्काने मुक्त मूलक निकामी केले की जांभळे द्रावण पिवळे पडत जाते. 517 नॅनोमीटरवर रंगाची घट मोजून ती क जीवनसत्त्वाशी ताडतात. चाचणी स्वस्त व झटपट असल्याने ती सर्रास होते आणि तिचा अर्थ ताणलाही जातो. बॉस्वेलिक आम्ले ट्रायटर्पिनॉइड आहेत, फिनॉलिक नव्हेत. त्यांच्या शोथरोधी कामाचे माप परीक्षानळीतल्या रंगावरून निघत नाही. शिवाय तोंडाने घेतल्यावर ती रक्तात फार थोडी उतरतात. स्निग्ध जेवणासोबत शोषण वाढते.

माणसांवरचा पुरावा अधिक मोलाचा. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या 30 रुग्णांवर द्विअंध चाचणी झाली व 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला अर्क, दुसऱ्याला निष्क्रिय गोळी असे आठ आठवडे देऊन, मध्ये खंड ठेवून, गटांची अदलाबदल केली. अर्काच्या काळात दुखणे घटले, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रांत मात्र बदल दिसला नाही.