कल्हईवाल्याचा नवसागर आणि मोटारसायकलची तार

मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात नव्याने शिकायला आलेला मुलगा पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतो, तेव्हा बहुधा एकच प्रकार घडतो. हेडलाइटची तुटलेली तार तो सोलतो, टोके एकमेकांना पिळतो आणि तापलेल्या आयर्नवर डाख वितळवून तारेवर सोडतो. डाख तारेला धरत नाही. त्याचा चकचकीत गोळा होतो आणि खाली पडतो. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील कुठल्याही शाळेपासून असे एखादे दुकान फार लांब नसेल. डाख का धरला नाही, हा प्रश्न मात्र थेट रसायनशास्त्राच्या तासाचा आहे. तारा येण्याच्या कितीतरी आधी भांड्यांच्या कारागिरांनी तो सोडवलेला होता.

तांबे हवेत राहिले की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. तापवले की हा थर अधिकच वाढतो. वितळलेले कथील स्वच्छ तांब्यावर पसरते. ऑक्साइडवर मात्र अळवाच्या पानावरील पाण्यासारखे गोळा होऊन राहते. म्हणजे नुसती उष्णता पुरत नाही. ऑक्साइड काढून टाकणारा आणि काम चालू असताना तो पुन्हा होऊ न देणारा तिसरा पदार्थ लागतो. त्याला आज आपण फ्लक्स म्हणतो.

गावोगाव फिरणाऱ्या कल्हईवाल्याकडे हा तिसरा पदार्थ होता: नवसागर. भात्याच्या आगीवर तांब्या-पितळेचे भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने कथील पसरवायचे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्याच्या ऑक्साइडचे क्लोराइड करून टाकते आणि खालचे स्वच्छ तांबे उघडे पडते. हे दोन वायू थंड हवेत पुन्हा एकत्र आले की नवसागराचे सूक्ष्म कण बनतात. कल्हईच्या वेळी उठणारा पांढरा धूर तो हाच.

ही विद्या जुनी आहे. 'कल्हई' हा शब्द कथलाच्या अरबी नावावरून आला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त बादशहाच्या स्वयंपाकाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होत असल्याची नोंद आहे. कल्हई झिजली की तांबे अन्नात उतरते. त्यामुळे हे काम दिखाव्यापेक्षा आरोग्याचे होते.

डाखाची गोष्टही तितकीच जुनी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. दोन्ही एकत्र केली तर मिश्रण याहून कमी तापमानाला वितळू लागते. सुमारे ६२ टक्के कथील आणि ३८ टक्के शिसे असेल तर ते १८३ अंशांना एकदम पाणी होते. रोमन लेखक प्लिनी इ. स. ७९ मध्ये वारला. त्याने दोन भाग शिसे आणि एक भाग कथील या मिश्रणाने नळ जोडत असल्याचे लिहून ठेवले आहे. या प्रमाणातील डाख थंड होताना बराच वेळ लोण्यासारखा मऊ राहतो आणि नळाच्या सांध्यावर लिंपता येतो. तारेसाठी मात्र चटकन वितळणारा आणि चटकन घट्ट होणारा डाख हवा. म्हणून त्यात कथील अधिक, साधारण ६० टक्के असते.

एकोणिसाव्या शतकात विजेच्या तारा आल्या आणि प्रश्नाचे रूप बदलले. भारतात ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास परभणीतून गेला, तेव्हा रुळांच्या कडेने तारायंत्राच्या ताराही आल्या. तारा जोडताना टोके आधी एकमेकांना पक्की बांधत आणि मग वर डाख देत. ताण सोसायचा तो बांधणीने. डाखाने फक्त विजेला अखंड वाट द्यायची आणि हवा-पाणी बाहेर ठेवायचे. हा नियम आजही तितकाच खरा आहे.

मात्र भांड्याचा नवसागर तारेला चालत नाही. भांडे काम झाल्यावर धुता येते. पिळलेल्या तारेच्या बारीक केसांत अडकलेला क्लोराइडचा अंश तिथेच राहतो. तो हवेतील ओल शोषतो आणि तांबे हळूहळू खातो. धातूवर चालणारी नवसागराची ही ताकद बिदरच्या कारागिरांनी उपयोगात आणली. बिदरी कामात जस्ताच्या मिश्रधातूला काळा रंग आणण्यासाठी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. तिथे जो गुण, तोच तारेत दोष ठरतो. पत्र्याच्या डब्यांसाठी वापरले जाणारे आम्लही याच कारणाने तारेला वर्ज्य आहे. म्हणून विजेच्या कामात चिडाच्या झाडापासून मिळणारी राळ रूढ झाली. तिच्यातील सेंद्रिय आम्ले तापल्यावरच ऑक्साइडवर काम करतात. थंड झाल्यावर राळ घट्ट होते, निष्क्रिय राहते आणि वीजही वाहू देत नाही. आज डाखाच्या तारेच्या पोटातच ती भरलेली असते.

रॉबर्ट बॉश यांनी १८९७ मध्ये तीनचाकी वाहनाच्या इंजिनावर मॅग्नेटो बसवला. सुरुवातीच्या मोटारसायकलींचे दिवे कार्बाइडचे होते. विजेचे दिवे पुढे आले. भारतात १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा आणि १९६२ मध्ये राजदूत तयार होऊ लागल्या. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. जुन्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या आणि त्यांत कच्चा जोड फार महाग पडे. वर्गात हे गणित करून पाहावे. ६ व्होल्ट, ३५ वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध सुमारे १ ओहम असतो; १२ व्होल्ट, ३५ वॅटच्या दिव्याचा सुमारे ४ ओहम. जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तर पहिल्यात एक तृतीयांश म्हणजे २ व्होल्ट जोडातच जातात. दुसऱ्यात एक नवमांश, सुमारे १.३ व्होल्ट. रात्री शेतावरून परतणाऱ्याला रस्त्यातला खड्डा दिसतो की नाही, हे त्या अर्ध्या ओहमवर अवलंबून असू शकते.

डाखालाही मर्यादा आहे. तो तारेच्या केसांमधून वर चढतो आणि तेवढा भाग ताठ होतो. इंजिनाच्या थरथरीने तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून कारखान्यात टर्मिनल बहुधा दाबून बसवतात. डाख दिलाच, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तार हलू नये अशी बांधावी लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर गाड्यांत सेन्सर वाढले आहेत. आता एक कच्चा जोड इंजिनही बंद पाडू शकतो.

शिशाचा धोका विसरता कामा नये. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या डाखावर निर्बंध घातले. कथील, चांदी आणि तांबे यांचा बिनशिशाचा डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. दुकानात मात्र शिशाचा डाख अजून सर्रास दिसतो. तो हाताळल्यावर हात धुवावेत, राळेचा धूर नाकात घेऊ नये आणि हा डाख स्वयंपाकाच्या भांड्याला कधीही लावू नये.

पहिला जोड देणाऱ्याला सांगायचे ते एवढेच: बॅटरीची तार आधी सोडवा. तांबे घासून स्वच्छ करा, टोके घट्ट पिळा. आयर्नने तार तापवा आणि डाख आयर्नला न लावता तारेला लावा. तार पुरेशी तापली असेल तर डाख आपोआप आत ओढला जातो.

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. तांब्याच्या तारेचे दोन जोड शिक्षकांनी उघड्या हवेत तयार करावेत. एक राळेने, दुसरा नवसागराने. ते न धुता दमट जागी महिनाभर ठेवावेत. मग मुलांना पाहू द्यावे, हिरवट डाग कोणत्या जोडावर आले ते. कल्हईवाल्याचे रसायनशास्त्र बरोबर असूनही मेकॅनिकला ते जसेच्या तसे का घेता आले नाही, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.