विद्या अत्रेय

विद्या अत्रेय या भारतीय वन्यजीव परिसंस्थाशास्त्रज्ञ असून महाराष्ट्रातील मनुष्यवस्तीलगत राहणाऱ्या बिबट्यांवरील संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. पकडलेला बिबट्या दूरच्या जंगलात सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट माणसांवरील हल्ले वाढू शकतात, हा त्यांच्या संशोधनाचा सर्वाधिक परिणामकारक निष्कर्ष होय. त्यांनी मणिपाल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी–इंडिया या संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले आहे.

जुन्नरमधील अभ्यास

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात कालव्याच्या पाण्यावर उसाची लागवड वाढली आणि दाट उसात बिबट्यांना बारमाही आसरा मिळाला. फेब्रुवारी 2001पासून तेथील बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वस्तीच्या भागातून पकडलेले 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत असत. 2001 ते 2003 या काळात ही सरासरी 17वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. जेथे बिबटे सोडले, त्या जंगलांच्या आसपासही हल्ल्यांचा असाच क्रम दिसला. अत्रेय, जॉन लिनेल, मॉर्टन ऑडेन आणि उल्हास कारंथ यांनी हे निष्कर्ष 2011 मध्ये ‘कन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडले. गावकऱ्यांना दिलासा देणारा म्हणून राबवलेला उपायच त्यांच्या जिवावर बेतत असावा, असा या आकडेवारीचा अर्थ होता.

अकोले आणि ‘आजोबा’

यानंतरचे काम तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झाले. येथे मानवी लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 300हून अधिक असून जंगल किंवा रानटी तृणभक्षी प्राणी जवळजवळ नाहीत. तरीही कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने केलेल्या गणनेत दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 4.8 प्रौढ बिबटे आढळले. तरसांची घनताही जवळपास तेवढीच होती. हा अभ्यास 2013 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेच्या तपासणीवरून, वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या भक्ष्यातील सुमारे 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आणि त्यातला सर्वांत मोठा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा असल्याचे दिसले. शेतातला बिबट्या म्हणजे वाट चुकलेला पाहुणा, ही समजूत त्यामुळे टिकली नाही. तो तेथलाच रहिवासी ठरला.

2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ हे नाव पडलेल्या या बिबट्याने सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईलगतचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठले. वाटेत त्याने माणसांवर हल्ला केल्याची नोंद नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. सुजय डहाके दिग्दर्शित ‘आजोबा’ (2014) या मराठी चित्रपटाला याच प्रवासाचा आधार असून त्यात संशोधिकेची भूमिका उर्मिला मातोंडकर यांनी केली आहे.

प्रभाव

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये मानव–बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सरसकट पकडून इतरत्र सोडण्याऐवजी लोकजागृती, प्रशिक्षित पथके आणि गर्दीवर नियंत्रण यांवर त्यांत भर आहे. जुन्नरच्या अनुभवाचा ठसा त्यांवर स्पष्ट दिसतो. त्याच वर्षी मुंबईत वनविभागाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातही अत्रेय यांचा सहभाग होता. पुढील काळात त्यांच्या सहकाऱ्यांनी वारली समाजातील वाघोबाच्या पूजेचा अभ्यास करून दीडशेहून अधिक वाघोबास्थानांची नोंद केली.

या निष्कर्षांवरचा वाद मात्र संपलेला नाही. अलीकडच्या वर्षांत जुन्नर विभागात बिबट्यांच्या हल्ल्यांत पुन्हा बळी गेले आणि बिबटे पकडून हलवण्याची मागणी गावोगावी जोर धरू लागली. ज्याच्या अंगणातून लेकरू उचलले गेले, त्याला सहअस्तित्वाची भाषा पटवणे कोणत्याही आकडेवारीला कठीणच.