एमजीबी मोटारींची पुनर्बांधणी व जतन

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार होय. सर्व प्रकार मिळून या मोटारीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. उत्पादन बंद झाल्यानंतर हौशी मालकांनी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करून वापरात ठेवलेल्या अभिजात मोटारींमध्ये एमजीबीला प्रमुख स्थान मिळाले. साधी यांत्रिक रचना, सुट्या भागांची मुबलक उपलब्धता आणि मालकांच्या संघटना ही त्याची मुख्य कारणे आहेत. मात्र या गाडीला स्वतंत्र सांगाडा नसल्यामुळे तिला लागणारा गंज हा केवळ दिसण्याचा नव्हे, तर मजबुतीचा प्रश्न ठरतो. तसेच जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळू शकत असल्याने पुनर्बांधणीनंतर मूळ गाडी किती उरते, हाही या छंदातील वादाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

एमजी हे नाव ऑक्सफर्डमधील मॉरिस गॅरेजेस या व्यवसायावरून आले. १९५५ साली आलेल्या एमजीए या गाडीची जागा सप्टेंबर १९६२ मध्ये एमजीबीने घेतली. तिच्या विकासाचे नेतृत्व मुख्य अभियंता सिड एनेव्हर यांनी केले, तर बॉडीच्या आरेखनात डॉन हेटर यांचा प्रमुख वाटा होता. एमजीए स्वतंत्र सांगाड्यावर बांधलेली होती. एमजीबीमध्ये मात्र बॉडी आणि सांगाडा एकसंध करण्यात आला. यामुळे गाडी आटोपशीर असूनही आत बसण्यास अधिक जागा मिळाली.

एमजीबीचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

- रोडस्टर (१९६२–१९८०): दुमडता टप असलेली दोन आसनी खुली गाडी.
- एमजीबी जीटी (१९६५–१९८०): कायमचा टप व मागे उघडणारे दार असलेली गाडी. तिच्या आकारासाठी इटलीतील पिनिनफरिना या संस्थेची मदत घेण्यात आली.
- एमजीसी (१९६७–१९६९): सहा सिलिंडरांचे २,९१२ सीसी इंजिन असलेली आवृत्ती.
- एमजीबी जीटी व्ही८ (१९७३–१९७६): रोव्हरचे ३,५२८ सीसी ॲल्युमिनियम इंजिन असलेली आवृत्ती.

अमेरिकेतील सुरक्षा नियमांमुळे १९७४ च्या उत्तरार्धापासून क्रोमच्या बंपरऐवजी काळे, रबरासारखे दिसणारे जाड बंपर बसवण्यात आले आणि गाडीची जमिनीपासूनची उंचीही वाढवण्यात आली. संग्राहक आजही गाड्यांची विभागणी ‘क्रोम बंपर’ व ‘रबर बंपर’ अशी करतात. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

यांत्रिक रचना

एमजीबीचे चार सिलिंडरांचे १,७९८ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ते सुमारे ९५ अश्वशक्ती देत असे. ओतीव लोखंडाचे हे इंजिन जड पण टिकाऊ आहे. १९६४ सालापर्यंत त्याच्या क्रँकशाफ्टला तीन ठिकाणी आधार होता; त्यानंतर पाच आधारांची रचना आली. बहुतेक देशांतील गाड्यांना एसयू प्रकारचे दोन कार्ब्युरेटर असत. पुढे डिस्क ब्रेक व मागे ड्रम ब्रेक, पुढील चाकांना गुंडाळी स्प्रिंग आणि मागील अखंड ॲक्सलला पाट्यांच्या स्प्रिंग अशी उर्वरित मांडणी आहे.

इंजिनावर संगणकीय नियंत्रण नसल्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण, ठिणगीची वेळ व व्हॉल्व्हमधील फट ही कामे साध्या हत्यारांनी करता येतात. विद्युत रचनेत मात्र गाडीचे वर्ष पाहणे आवश्यक असते. १९६७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्यानंतर ऋण टोक जोडण्याची पद्धत आली आणि डायनमोऐवजी अल्टरनेटर बसवण्यात आला. हा फरक लक्षात न घेता बॅटरी उलट जोडल्यास उपकरणे जळू शकतात.

गंज व बॉडीची दुरुस्ती

एकसंध बॉडीमध्ये गाडीचा भार पत्र्याच्या पोकळ पेट्या पेलतात. एमजीबीत दारांखालून जाणाऱ्या अशा पेट्यांना ‘सिल’ म्हणतात. रोडस्टरला कायमचा टप नसल्याने तिची ताठरता मोठ्या प्रमाणात या सिलवरच अवलंबून असते. प्रत्येक सिल बाहेरील पत्रा, आतील पत्रा व त्यांमधील उभा पत्रा अशा थरांनी बनलेला असतो. त्यात शिरलेला ओलावा सहज बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरचा पत्रा रंगवलेला व गुळगुळीत दिसत असतानाही आतील भाग नष्ट झालेला असू शकतो. जुन्या सिलवर नवा पत्रा केवळ झाकणासारखा चढवलेला आढळणे, हे चुकीच्या दुरुस्तीचे नेहमीचे उदाहरण आहे.

पुढील मडगार्डचा मागचा खालचा भाग, आसनांच्या मागील बॅटरीचे कप्पे, तळाचा पत्रा आणि मागील पाट्या जेथे बॉडीला जोडल्या जातात ती जागा हीदेखील गंजाची ठिकाणे आहेत. जॅक लावल्यावर दाराभोवतीची फट कमी-जास्त होत असल्यास, किंवा दार उघडण्यास अडत असल्यास, सिल कमकुवत झाले असल्याची शक्यता असते.

सिल बदलताना गाडीचा आकार बिघडू न देणे हे सर्वांत अवघड काम असते. यासाठी दाराच्या चौकटीत तात्पुरत्या लोखंडी आडव्या पट्ट्या जोडल्या जातात आणि एका वेळी एकच बाजू कापली जाते. नवे भाग प्रथम पकडींनी बसवून दार, मडगार्ड व बॉनेट यांच्या फटी जुळतात की नाही हे पाहिले जाते आणि नंतरच वेल्डिंग केले जाते. हा क्रम न पाळल्यास बॉडी वाकडी राहते व पुढे दार नीट बसत नाही. दुरुस्तीनंतर पोकळ पेट्यांमध्ये मेणयुक्त गंजरोधक फवारले जाते आणि पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवली जातात.

सुटे भाग आणि हेरिटेज बॉडी

१९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांचा वापर करून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी विक्रीस आणली. त्यामुळे ज्या गाडीचा पत्रा दुरुस्तीपलीकडे गेला आहे, तिचे इंजिन, ॲक्सल व अन्य भाग नव्या बॉडीत बसवून गाडी पुन्हा उभी करणे शक्य झाले. याच बॉडीच्या आधारे रोव्हर समूहाने १९९२ ते १९९५ दरम्यान एमजी आरव्ही८ ही मर्यादित संख्येची गाडी तयार केली. तिचा मोठा हिस्सा जपानला गेला.

सुटे भाग, माहितीपत्रके व अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन पुरवण्यात एमजी कार क्लब (स्थापना १९३०) व एमजी ओनर्स क्लब (स्थापना १९७३) यांचा मोठा वाटा आहे. सर्व भाग मिळत असले, तरी पत्राकाम, रंगकाम व अंतर्गत सजावट कुशल कारागिरांकडून करून घेतल्यास एकूण खर्च बहुधा तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा अधिक होतो. त्यामुळे अनेक मालक बरेचसे काम स्वतः शिकून करतात.

मूळपणाचा प्रश्न

ऐतिहासिक वाहनांसंबंधी कार्य करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. या सनदेत वाहन आहे त्या स्थितीत टिकवणे व हरवलेले भाग भरून ते पूर्ववत करणे यांत भेद केला असून, शक्य तितका कमी हस्तक्षेप व केलेल्या कामाची नोंद यांवर भर दिला आहे.

एमजीबीबाबत ही भूमिका सरसकट लागू करणे कठीण जाते. गंजलेला सिल मूळ असला तरी तो तसाच ठेवून गाडी रस्त्यावर चालवणे धोक्याचे असते. दुसरीकडे, नवी बॉडी, नवा रंग व नवी आसने मिळालेली गाडी कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षाही चकचकीत दिसते. परंतु तिच्या वापराच्या खुणा कायमच्या पुसल्या जातात. म्हणून सुस्थितीतील मूळ रंग, आसनांचे चामडे किंवा तारांच्या चाकांसारखे भाग केवळ जुने दिसतात म्हणून बदलू नयेत, असे जतनवादी मालक मानतात. नियमित वापरासाठी सुरक्षिततेच्या सुधारणा आवश्यक आहेत, असे इतरांचे मत आहे. मूळ रंग, इंजिन क्रमांक व निर्मितीची तारीख पडताळण्यासाठी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र देते.

इंधन व देखभाल

जुन्या पेट्रोलमधील शिशाचा लेप व्हॉल्व्हच्या बैठकांचे झिजण्यापासून रक्षण करीत असे. शिसेविरहित पेट्रोल आल्यानंतर इंजिन उघडताना कठीण धातूच्या बैठका बसवण्याची प्रथा पडली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व सील खराब होऊ शकतात. त्यामुळे गळती व आगीचा धोका टाळण्यासाठी इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या वापरल्या जातात. गाडी दीर्घकाळ उभी ठेवल्यास ब्रेक अडकतात, पेट्रोल खराब होते व सील सुकतात. म्हणून अधूनमधून गाडी चालवणे हा जतनाचाच भाग मानला जातो.

जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवणे आरोग्यास घातक आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली काम न करता भक्कम टेकू लावणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या व लक्षणीय बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट देण्यात आली. तथापि गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावरच असते.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याचा सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. या अटींमुळे दुरुस्ती कोठे संपते व फेरबदल कोठे सुरू होतो, हा प्रश्न मालकांसाठी महत्त्वाचा ठरतो.

भारताशी संबंध

हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसेडर गाडीत अनेक वर्षे वापरात असलेले १,४८९ सीसी पेट्रोल इंजिन बी-मालिकेतीलच होते. एमजीबीचे इंजिन ही त्याच मालिकेची वाढवलेली आवृत्ती असल्याने दोहोंची मूलभूत रचना सारखी आहे. मात्र सर्व भाग परस्परांना बसत नाहीत. अँबेसेडरचे इंजिन उघडून बसवण्याचा अनुभव असलेल्या मेकॅनिकला एमजीबीच्या इंजिनाची रचना त्यामुळे परकी वाटत नाही.

हे सुद्धा पहा

- एमजीए
- ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन
- हिंदुस्थान अँबेसेडर